आंब्यावरचं गिधाड

शुक्रवार, संध्याकाळ

आज गिधाडांच्या जोडीतलं एक मेलं. कित्येक वर्षांनी यंदा आमच्या रायवळ आंब्यावर त्यांनी घरटं केलं होतं. पिल्लूही निघालं होतं. परवापासून हे एक मान खाली टाकून बसलेलं. मला वाटलं, उन्हामुळे असेल. दुपारी झाडावरून खालीच आलं.

शेजारच्या गणूभावजींचा बैल याच आठवड्यात मेला, तो त्यांनी वरच्या सड्यावर, उघड्या कातळावर टाकला होता. मी विचारलं, "त्याला दुखण्याचं इंजेक्शन दिलं होतंत?"

"दिलं, वयनी. रात्रभर कण्हत होता. नुसता बघत बसू?"

ते औषध दिलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडं मरतात, हे सांगितल्यावर ते बैल पुरायला पहार घेऊन आले. घरटं पहिल्यांदा त्यांनीच तर मला दाखवलं होतं. मी कोणावर चिडू? ती टाकलेली मान डोळ्यांसमोरून जात नाही.

सड्याच्या कातळात पहार चालेना, म्हणून आम्ही दोघांनी बैलावर दगड रचले. दुसरं गिधाड वर घिरट्या घालत होतं. पिल्लासाठी त्याला तेच मांस हवं होतं, आणि आम्ही घाईघाईने ते झाकत होतो.