काळकाईचा आणा

पोलादपूर,
माघ वद्य ४, शके १८५५

तीर्थरूप मुरारीदादास धाकट्या बहिणीचा, आवडीचा, साष्टांग नमस्कार वि. वि. अक्षर शेजारच्या शकूचे आहे, रडणे माझे.

मूल होत नाही म्हणून सासूबाईंनी दुसरी सून पाहिली. हे नको म्हणाले, भांडले आणि दासगावच्या बोटीने मुंबईला निघून गेले. आसामच्या चहामळ्यावर माणसे नेणाऱ्या मुकादमाकडे नाव दिले आहे. एकादशीला गाडी सुटणार, असे मुंबईला जा-ये करणारा आपला सदू सांगतो.

दादा, मला दिवस गेले आहेत. ते गेल्यावर कळले, त्यांना ठाऊक नाही. सदूबरोबर हळदीच्या फडक्यात बांधलेला आणा पाठवते. ते परत यावेत म्हणून काळकाईला नवस बोलले आहे. आणा त्यांच्या हातात दे. देवीपुढे तो त्यांनीच येऊन ठेवायचा, असे सांग. वहिनींच्या हातचा चहा एक दिवस राहू दे, पण वेळेत जा. एवढे केलेस तर भाऊबीजही मागणार नाही. माया असू दे.

तुझी,
आवडी


मुंबई,
माघ वद्य १२

चि. सौ. आवडीस दादाचा आशीर्वाद.

सदू एकादशीला गिरणीच्या दाराशी भेटला, तसाच पळालो. गाडी उभी होती. पण नुसते फलाटावर जायलाही तिकीट लागते. पूर्वी ते खिडकीतला बाबू द्यायचा. आता दाराशी लोखंडी पेटी उभी केली आहे. खाचेत आणा टाकून दांडा ओढला, की तिकीट पडते. माझ्याकडे तांब्याचे सुटे पैसे होते, ते तिला चालेनात. शिपायाचे पाय धरले. पेटीपुढे माझे काय चालते, असे तो म्हणाला. पानवाल्याकडून आणा घेऊन येईतो गाडी हलली. कठड्यातून ओरडलो. खिडकीतून हैबतीरावांनी हात हलवला. निरोप द्यायला आलो, असे त्यांना वाटले असेल.

तुझा आणा सारा वेळ मुठीत होता. देवीची वस्तू बाटवली नाही, एवढेच समाधान. सदूबरोबर परत पाठवतो. मळ्याचा पत्ता कोणी सांगत नाही. जिवाला जप.

तुझा,
मुरारी


पोलादपूर,
फाल्गुन शुद्ध २

तीर्थरूप दादास आवडीचा नमस्कार. आणा पोचला. गाठ तशीच आहे.

दादा, टाकायचा होतास रे त्या पेटीत! काळकाईची क्षमा मी मागितली असती, दुसरा आणा हळदीत भिजवला असता. शकू म्हणते, तिथे मी असते तरी माझीही मूठ उघडली नसती. खरे असेल. म्हणून तुझ्यावर धड रागावताही येत नाही.

सासूबाई आता मला पाण्याला जाऊ देत नाहीत, दाराशी बसून रडतात. मी फडके सोडते, पुन्हा बांधते. आण्याचे काय करू? तो त्यांच्याच हातून ठेवायचा, असे देवीला मीच सांगून बसले आहे. पत्ता शोधायचे सोडू नकोस. बहिणीला विसरू नकोस.

तुझी,
आवडी