गडी कोनाचा?

उमरावती, चैत्र वद्य प्रतिपदा, शके १७८६

माय, तुह्या पायावर डोकं ठेवून खुशालचा दंडवत.

मी बरा आहो. दोन वेळा भाकर भेटते, काळजी करू नोको. दूरदेशी कुठंतरी लढाई लागली, म्हनून इथं कापसाले सोन्याचा भाव आला. मी दिवसभर मोठ्या बोऱ्यात उभा राहून पायानं कापूस तुडवून राहिलो.

त्यानंच पाय तयार झाले. काल हनुमान जयंतीले इथल्या आखाड्यानं वलगावपासून धावायची शर्यत ठेवली, अन् मी पयला आलो! आखाड्याच्या उस्तादानं मले फेटा बांधला, नारळ देल्ला.

इथं एक रीत हाये. पयल्या आलेल्याले ओट्यावर उभं करतात अन् उस्ताद इचारते, "गडी कोनाचा?" मंग त्याच्या घरचे, गावचे लोक वरडतात, "आमचा!" मागच्या साली म्हने अर्धं वलगाव वरडलं.

काल उस्तादानं तीनदा इचारलं. कोनीच बोललं नाही. मी नारळ धरून तसाच उभा. मंग हलगी वाजली अन् लोक पांगले.

धाकल्या बहिनीचा, वच्छलाचा खोकला गेला काय? बांड्या बैल चारा खाते काय? मी पेरनीच्या तोंडावर घर सोडलं, तवापासून बाबांनी माह्यं नाव घेतलं काय?

पंतोजी हे पत्र वाचून दाखवतीन तवा बाबा ओसरीवरच असतीन, ऐकत नसल्यावानी. तू त्यांले एवढंच इचार, गडी कोनाचा?

बोलले त कळव. नाही बोलले, त पत्रात बैलाचंच लिही.

तुहा तरी,
खुशाल