उशीर कोणाचा

दि. २ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

इतक्या वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. किंवा दचकच. मी इथे पार भेदरून गेले आहे आणि फोनवर बोलायची सोय नाही. दोन खोल्यांचं घर. अण्णांची वाचा गेली, पण कान शाबूत आहेत, न्हाणीघरात कुजबुजले तरी त्यांना ऐकू जातं. मेल करावा तर तोही त्यांच्याच कॉम्प्युटरवर.

अण्णा मंदावत चालले आहेत रे. झटका आल्यावर तू तो बोलणारा प्रोग्राम लावून दिलास, डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायला शिकवलंस, तेव्हा कसे सुटले होते आठवतंय? बसस्टँडवर तीस वर्षं घोषणा केलेला माणूस तो! शेजारणीचं वाक्य संपायच्या आत कॉम्प्युटरमधून यांचा टोमणा हजर. आता चहा घेणार का विचारलं, तर 'हो' येईपर्यंत चहा निवतो. पडद्यावर एक अक्षर उमटतं, मग नुसतं शांत, मग दुसरं. काल तर वाक्य अर्ध्यात सोडून त्यांनी मान फिरवली.

डॉक्टरांना जिन्यात गाठून विचारलं. ते म्हणाले, उत्तराला असाच उशीर होत गेला तर मेंदूत पुन्हा काहीतरी घडतंय असं धरून चाला. मग त्यांना एकटं ठेवून चष्म्याच्या दुकानात कामाला जाता येणार नाही, एखाद्या शुश्रूषागृहात हलवावं लागेल. सव्वीस तारखेला तपासायला येणार आहेत. अण्णांना यातलं काही म्हणजे काही सांगितलेलं नाही.

लोभ आहेच, आता जरा अक्कलही पाठव.
तुझी ताई

दि. ७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र माझ्या दुरुस्तीच्या दुकानातच उभ्याउभ्या वाचलं आणि खाली बसलो. समोरचं गिऱ्हाईक बिचारं कॉम्प्युटर काखेत धरून ताटकळत होतं. शेवटी ते म्हणालं, हा फार हळू झालाय हो. ताई, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! अण्णांवर संशय घेण्याआधी मशीनवर घे. तो कॉम्प्युटर शेवटचा बंद कधी केला होतास, खरं सांग.

रविवारी अण्णांना गॅलरीत बसव. मशीन रीतसर बंद कर, वायर काढ, बाजूचं झाकण उघड आणि मऊ ब्रशने पंख्यातली धूळ काढ. पंखा बोटाने धरून ठेव, गरगरू देऊ नकोस. मग चालू करून, सुरू होतानाच कोणकोणते प्रोग्राम आपोआप जागे होतात ते बघ. बोलणारा तेवढा ठेव, बाकीच्यांना झोपव. नको त्या फायली उडव, डिस्कला श्वास घ्यायला जागा कर, अडकलेलं अपडेट होऊन जाऊ दे. आणि हे दर रविवारी, वहीत तारीख टाकून. तुझं 'उद्या बघू' मला ठाऊक आहे.

आणखी एक. तू पडद्याकडे बघतेस, अण्णांच्या बोटाकडे बघ. बोट दाबल्यावर अक्षर उशिरा आलं तर दोष मशीनचा. दाबण्याआधीच बोट थांबलं तर मात्र... ते मला लिहवत नाही. तू बघ आणि कळव.

तुझ्या कानउघाडणीचा भुकेला,
खटपट्या

दि. १८ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

खरं सांगते, रागावू नकोस. चार महिने तो कॉम्प्युटर मी बंदच केला नव्हता. हिंमतच झाली नाही. बंद केला आणि पुन्हा सुरूच झाला नाही तर? अण्णांचा आवाज आहे तो. रात्रंदिवस चालू ठेवायचे, वरून फडक्याने पुसायचे आणि वाटायचं, किती जपतेय.

झाकण उघडलं तर आत धुळीची गोधडी! आपोआप जागी होणारी सतरा कार्टी निघाली, हवामान काय, कसली कसली घड्याळं काय. सगळ्यांना झोपवलं. डिस्क काठोकाठ भरली होती, ती उपसली. बंद करून सुरू करताना देव आठवले, पण झाला बाबा सुरू. मी स्वतः टाइप करून पाहिलं, अक्षरं नुसती पळत होती. आनंदाने मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मग अण्णांना आणून बसवलं. आणि ते तसेच, हळू. दिवसभर दुकानात मी लोकांना, हे अक्षर दिसतंय का, ते दिसतंय का, विचारून चष्म्याचे नंबर काढते, पण घरी त्या एका बोटाकडे बघवेना. शेवटी बघितलं. बोट खाली येतं, अक्षर लगेच उमटतं, आणि मग बोट हवेत थांबून राहतं. कितीतरी वेळ. दाबण्याआधीच थांबतं रे. मशीनचा दोष नाही. आता कशावर ब्रश फिरवू?

येऊन जा. मला एकटीला हे झेपणार नाही.
तुझी ताई

दि. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पंचवीसला सकाळी पोचतो. दुकानात, धूळ काढली, आतलं सगळं साफ केलं आणि तरीही मशीन हळूच चाललं, तर मी गिऱ्हाइकाला बेधडक सांगतो की याचे दिवस भरले. हे वाक्य किती सहज बोलत आलो! कालपासून कुणालाच सांगवत नाही. तू मशीन झाडूनपुसून पळतं केलंस तरी अण्णा हळूच, हे वाचल्यापासून गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून परत पाठवतोय. सव्वीसला डॉक्टर येतील तेव्हा दोघं उभे राहू. जिन्यात ते तुला काय म्हणाले, ते तोवर अण्णांना कळू देऊ नकोस.

धीर धर म्हणायला मला तोंड नाही.
खटपट्या

दि. २४ फेब्रुवारी

चि. दोघांस,
अ. उ. आ. वि. वि.

ताई दुकानात गेली आहे आणि मी हे टाइप करतोय. तिने रविवारच्या वहीत खटपट्याची दोन्ही पत्रं ठेवली आणि वही ठेवली माझ्या डाव्या हाताशी. लपवाछपवीत तुम्ही दोघं लहानपणापासून कच्चे.

पत्रं वाचून आधी घाम फुटला, मग संताप आला. त्या भरात 'मूर्ख कुठले' असं टाइप केलं आणि ते एका दमात उमटलं! मीच बघत राहिलो.

अरे, चार महिने मला वाटत होतं की माझं बोटच मेलं. दाबायचो, काही येत नसे. पुन्हा दाबायचो, मग दोन दोन अक्षरं. ठरवलं, एक दाबायचं, ते उमटेपर्यंत थांबायचं, वर पाच अंक मोजायचे. स्टँडवरचा माइकही असाच होता, बटण दाबून थांबलं नाही तर पहिला शब्द गिळायचा. ती सवय होतीच. मशीन सुधारलं हे मला कुणी सांगितलंच नाही, मग मी मोजतच राहिलो. त्यात ताई माझ्या बोटाकडे बघत होती आणि मी तिच्या तोंडाकडे. तिचं तोंड पाहून मला कळून चुकलं की आपलं काही खरं नाही. बोट आणखीच थांबायला लागलं.

मी किती घाबरलो होतो, ते तुम्हाला सांगावं तर सांगायलाच अर्धा दिवस गेला असता. आणि तुम्ही एकदा तरी मला विचारायचंत. डॉक्टरांना विचारलंत, मशीनला विचारलंत.

परवा डॉक्टर आले की त्यांना मी इतक्या झपाट्याने उत्तरं देणार आहे की त्यांनाच लिहून घ्यायला वेळ पुरू नये.

पण एक सांगून ठेवतो. तीस वर्षं मी गाड्यांचा उशीर जाहीर केला, माझाही होणार. एक दिवस बोट खरंच दाबण्याआधी थांबेल. त्या दिवशी ब्रश शोधू नका, स्वयंपाकघरात जाऊन रडू नका (मला ऐकू येतं), एकमेकांना पत्रं लिहू नका. चहा निवला तर निवू दे. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसा. मी बोलतच असेन.

आशीर्वाद आहेतच. रविवारची साफसफाई चुकवू नये, आणि मला गॅलरीत बसवू नये.
अण्णा