अकरा मिनिटांची पट्टी

ती. बाबांना थोरलीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे? पुढचं तिला वाचून दाखवू नका.

आमच्या नवजात बाळांच्या वॉर्डात बडे पाहुणे आले होते. भाषण चालू असताना एका बाळाच्या मशीनचा अलार्म वाजला. "बंद कर ते!" मोठे डॉक्टर खेकसले. मी बंद केला, बाबा, आणि त्यांनी मला खुर्च्या आणायला पिटाळलं. बाळाची ऑक्सिजनची नळी निसटली होती. मी परत येईपर्यंत अकरा मिनिटं!

तुम्ही वायरमन, तुम्हाला लगेच कळेल. इतक्या लहान मेंदूत मज्जातंतूंच्या तारांवर आवरण चढायचं बाकी असतं. ते चढवणाऱ्या पेशीच गुदमरल्या. आता तारा आहेत, पण उघड्या. उद्या हे लेकरू पाय कसे उचलणार?

डॉक्टर म्हणतात, "जन्मतःच होतं असं लिही." लिहितंय माझं खेटर!

खांबावर चढताना तुम्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचात, खाली कुणी चालू करू नये म्हणून. मशीनमधून निघालेली त्या अकरा मिनिटांची कागदी पट्टी मी तशीच खिशात ठेवलीय. तिच्यावर अलार्म बंद केल्याची वेळ छापलेली आहे. ते बोट माझं होतं, हेही बाळाच्या आईला उद्या मीच सांगणार आहे.

तुमची,
थोरली