डावीकडचा मुंढा

३ एप्रिल, शुक्रवार

हद्द झाली! घरात टेलर, घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान, आणि माझी लेक ड्रेसचं कापड टाकते समोरच्या फ्रॉकवालीकडे!

मला कळलं कसं, तर फ्रॉकवालीच दारात येऊन सांगून गेली. साखर पेरत. "तुमच्या मुलीने माझ्याकडे दिलंय हं शिवायला. साधाच आहे, उन्हाळी ड्रेस." तीस वर्षं या रस्त्यावर शर्ट शिवतोय मी. नाक कापलं पोरीने.

गेलो आणि कापड उचलून आणलं. मापाची चिठ्ठीही. ती नुसती "अहो, अहो" करत राहिली.

४ एप्रिल

लेक आली आणि भांडण. "बाबा, तुम्ही नका ना शिवू. परत देऊन या." का? तर खाली बघून म्हणते, "तुम्ही शर्टवाले." शर्टवाले! या शर्टांवर वाढलीस ना गं? ज्याला कॉलर बसवता येते त्याला ड्रेस येणार नाही? त्यात आहे काय? पुढचे दोन भाग, मागचा एक, खाली घेर. बाह्यासुद्धा नाहीत म्हणे. शेंबडं पोर शिवेल.

शोरूमच्या काचेतल्या पुतळ्यांना कपडे घालायचं काम करते ती. स्टायलिंग म्हणतात म्हणे त्याला. पुतळे उलटून बोलत नाहीत, म्हणून हिला वाटतं बापही बोलणार नाही.

शुक्रवारपर्यंत हवाय म्हणाली शेवटी. आणि डोळे पुसले. ड्रेससाठी रडतात का?

५ एप्रिल, रविवार

सकाळीच गेली. जादा काम म्हणे. महिनाभर हेच चाललंय — रोज उशीर, तोंड उतरलेलं. रविवारी आईकडे तरी जायची, आता तेही बोलत नाही. मी विचारत नाही. चार वर्षांपूर्वी बाई पिशवी भरून गेली ती गेली. "तुमच्या तोंडापुढे राहणं मला जमत नाही," म्हणाली. बरं! नका राहू!

चिठ्ठी उघडली. अक्षर लेकीचं. हसावं की रडावं! डावा मुंढा — जिथे बाही जोडतात तो — उजव्यापेक्षा दीड इंच मोठा. पुढचा डावा भाग उजव्यापेक्षा अरुंद. आतून डाव्या बाजूला खोल खिसा. आतून! पैसे कोंबायचे आहेत की काय? आणि काज-बटण नको, टिचबटणं लावा. टिचबटणं बाळांच्या कपड्यांना लावतात!

माणसाचं माप आहे का हे? आरशासमोर उभी राहून स्वतःच घेतलं असणार, वेडंवाकडं. टेलरची मुलगी!

चिठ्ठी बाजूला ठेवली. पोरीचं माप मला नजरेने कळतं.

७ एप्रिल

कापला. कापड झकास आहे — हलकं, सुती, पांढऱ्यावर बारीक निळी फुलं. लेक असलं कधी घेत नाही, तिला सगळं काळं लागतं. कधी नव्हे ती अक्कल आली.

दोन्ही मुंढे सारखे केले. खिसा काढून टाकला. शिलाईला अर्धा इंच माया, जादा कापड, सोडली, बस. उरलं कापड चिंध्यांच्या पेटीत.

८ एप्रिल

काजं झाली. सात. हाताची. समोरचीला बोलावून दाखवावीत अशी.

९ एप्रिल, गुरुवार

काय लिहू.

संध्याकाळी लेक आली. ड्रेस हातात दिला, म्हटलं घाल. नको म्हणाली. म्हटलं, घाल! ओरडलोच. घालून आली. खांद्याला एक चुणी नाही, कमरेला बोटभर ढिला नाही. "बघ! शर्टवाला!" म्हटलं.

आरशात बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बटणं पुरुषांच्या बाजूने लावलीत." आणि मटकन खाली बसली, नव्या ड्रेससकट, चिंध्यांमध्येच.

"बाबा, हा माझा नाहीच. आईचा आहे."

छातीत गाठ होती. मार्चच्या शेवटी ऑपरेशन झालं. डावीकडचं सगळं काढलं. हात वर जात नाही, म्हणून डोक्यातून घालायचे कपडे बंद. जखमेतून नळी बाहेर सोडलीय, तिच्या टोकाला बाटली, ती ठेवायला आतून खिसा. एका हाताने काज-बटण लागत नाही, म्हणून टिचबटणं. मापं लेकीने आणि नर्सने मिळून घेतली, तिला उशीला टेकवून. कापड तिने स्वतः निवडलं, ऑपरेशनच्या आधी. म्हणाली, दवाखान्यातून बाहेर पडेन ते हे घालूनच. आजारी माणसासारखी जाणार नाही. परवा, शनिवारी सोडणार आहेत.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलो. अख्ख्या रस्त्याला ऐकू गेलं असेल.

"म्हणूनच," लेक म्हणाली. "आई म्हणाली, ते येतील आणि डॉक्टरांवर ओरडतील."

ओरडलो असतो. खरंच ओरडलो असतो.

महिनाभर पोरीने एकटीने काढलं सगळं, माझ्याच घरात, माझ्यासमोर. आणि मी काजं करत बसलो. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

१० एप्रिल

दुकान उघडलं नाही. ड्रेस मोठा करायला पेटीतल्या चिंध्या पुरेनात. कापडवाल्याकडे गेलो, तेच कापड द्या. संपलं म्हणाला. त्याच्यावर ओरडलो! मग अजून तीन दुकानं. नाही म्हणजे नाही. पुन्हा पहिल्याकडे गेलो आणि माफी मागितली. त्यालाच जास्त भीती वाटली.

ड्रेस पूर्ण उसवला. शिलाई उसवता येते, काजं नाही उसवता येत. कापलेली भोकं तशीच राहतात. सात भोकं, माझ्या शहाणपणाची. त्यांच्यावर पट्टी लावली. बाजूंना जोड द्यायला शर्टाचं पांढरं कापड घेतलं, दुकानातलं सगळ्यात मऊ. वकिलाच्या शर्टासाठी होतं. वकील थांबेल. आधी दोनदा धुतलं, कडक राहायला नको.

चिठ्ठी पुढ्यात ठेवून बसलो. एकही माप चुकीचं नव्हतं. एकही.

तरी डावा मुंढा काही बसेना. मोठा केला की समोर तोंड वासतो, लहान केला की जखमेला लागणार. दोनदा जोडला, दोनदा उसवला. पाच वाजता ड्रेस काखेत मारून फ्रॉकवालीच्या दारात गेलो. म्हटलं, "मला येत नाहीये. दाखवा." तीस वर्षांत हे वाक्य तोंडातून निघालं नव्हतं. वाटलं आता ही हसणार, पुढची दहा वर्षं हसणार.

हसली नाही. लेकीने तिला पहिल्या दिवशीच सगळं सांगितलेलं, शपथ घालून; ड्रेसचं तेवढं मिरवल्याशिवाय तिला राहवलं नव्हतं. म्हणून "अहो, अहो" करत होती बिचारी, आणि मी ऐकून घेतलं नाही. बगलेत तिने एक चुणी घातली, आतून गोल पट्टी फिरवली, झालं. टिचबटणंही तिच्याचकडची, तिनेच लावली. "शिवणीचे काठ आत दुमडून घ्या हं," म्हणाली, "टोचतात." दुमडले. सगळे. हाताने.

११ एप्रिल, सकाळ

लेकीला ड्रेस दिला. तिने पुतळ्याला चढवावा तसा खुर्चीच्या पाठीवर चढवून पाहिला. लांब जाऊन पाहिलं, जवळ येऊन पाहिलं. मग पांढरा स्कार्फ काढला, डाव्या खांद्यावरून मोकळा सोडला. बाजूचा जोड झाकला, सपाट बाजूही झाकली. वाटेल की मुद्दामच असा शिवलाय. येतं की माझ्या पोरीला काम. पुतळे पुतळे म्हणून हिणवत होतो मी.

"मी येऊ?"

"नको, बाबा. आई नको म्हणालीय."

बरं. नको तर नको! चार वर्षांचा राग काय एका ड्रेसने जातो? मीच कुणाला कधी माफ केलंय?

एकाच कॉलरला तीनदा उलटी शिलाई घातली. राग येतोय नुसता. मशीनचा, उन्हाचा, माझा.

११ एप्रिल, दुपार

गाडी दुकानासमोर थांबली, आत मायलेकी. तिच्या घराला तीन जिने, आणि डॉक्टर म्हणाले चढायचं नाही. लेकीने मला न विचारताच आईला इथे आणलं.

सावकाश उतरली. खूप वाळलीय. ड्रेस बसलाय.

उंबऱ्यातच थांबून म्हणाली, "पंधरा दिवस राहीन. आवाज चढला की त्याच दिवशी निघेन."

मी हो म्हणालो. हळू आवाजात.