भिंतीला धडकणाऱ्यांसाठी

जळगाव, मंगळवार

प्रिय मयुरी,

पाकीट जाड बघून घाबरू नकोस, लग्नपत्रिका नाही. अर्हम अजून अकरावीत आहे. फोन सोडून पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तुझ्या हितेंद्रचं नाव काढलं की तुझ्या कुकरची शिट्टी होते, तू गॅस बंद करायला जातेस आणि परत येतच नाहीस. पोटच्या मुलाशी तू बोलत नाहीस आणि त्याच्याबद्दल मलाही बोलू देत नाहीस. पत्राला शिट्टी होत नाही. त्याच्याबद्दल शेवटी लिहिणार आहे, पण मधलं गाळून तिकडे उडी मारू नकोस. मधलं वाचलं नाहीस तर शेवटचं कळायचं नाही.

तर बातमी अशी, की मी मोबाइलवर गेम खेळते. हस. पोटभर हसून झालं की पुढे वाच. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, हे डाळ मिलमधून येऊन बातम्या लावून बसतात, मग सात ते आठ मी काय भिंती बघायच्या? अर्हमच्या मागे लागले, मला शिकव. पडद्यावर आपला म्हणून जो माणूस असतो त्याला कॅरेक्टर म्हणतात. पहिल्या दिवशी माझं कॅरेक्टर तासभर भिंतीला धडकत राहिलं. डाव्या अंगठ्यानं चालायचं आणि उजव्यानं मान वळवायची, एवढंच असतं, पण आपले अंगठे आजवर शेंगा फोडण्यापलीकडे गेलेत कुठे? अशा नवशिक्याला तिथे नूब म्हणतात. ऐकायला शिवीसारखं वाटतं, पण सगळे तिथूनच सुरू होतात, त्यामुळे मनाला लावून घ्यायचं नाही.

खेळ सुरू व्हायच्या आधी सगळे जमतात ती लॉबी. मंगल कार्यालयात पंगत बसण्याआधी आपण ताटकळत उभ्या असतो ना, अगदी तसं. आपल्या चौघांची टोळी म्हणजे स्क्वॉड. कोपऱ्यात एक हिरवी पट्टी असते, ती हेल्थ. मार बसला की ती आखडते आणि लाल झाली की आपलं काही खरं नाही. पट्टी संपली तरी काळजी नको, थोड्या वेळानं पुन्हा जन्म मिळतो, तो रिस्पॉन. ज्याच्यामागे खरा माणूसच नसतो, कॉम्प्युटरच हलवतो, तो बॉट, म्हणजे चालणारं बुजगावणं समज. चित्र मध्येच अडकलं तर तो लॅग. त्यात तुझी चूक नसते, नेट हळू असतं. तुमच्याकडे रावेरला तो होणारच. आणि लूट म्हणजे रिकाम्या घरांत पडलेल्या वस्तू उचलायच्या. हे मला कितीतरी दिवस जमेना. न विचारता दुसऱ्याची वस्तू घ्यायची नाही, हे आमचं व्रत. मी प्रत्येक दारात विचार करत उभी राहायची आणि मागून गोळी खायची. अर्हम कपाळाला हात लावायचा.

मी मात्र अजून कोणाला गोळी मारलेली नाही. तिथे एक हीलरचं काम असतं, बरं करणाऱ्याचं. आपलं कोणी पडलं की त्याच्यापाशी जाऊन बसायचं आणि तो उठेपर्यंत बटण दाबून धरायचं. याला रिव्हाइव्ह म्हणतात. हे लांबून होत नाही, जवळच जावं लागतं, आणि तेवढा वेळ आपण उघड्यावर असतो. हे काम मला मानवलं. अर्हमनं माझं तिथलं नाव ठेवलंय 'रूपामावशी_जळगाव'. आधी त्याचे मित्र खिदळायचे, आता मला आपल्या स्क्वॉडमध्ये घ्यायला भांडतात. मला त्याचा फार अभिमान वाटतो, उगीच कशाला लपवू.

मध्यंतरी एक घोळ केला. एका भिंतीआड कोणीतरी दिसला, पट्टी पार लाल. मी धावत जाऊन औषधाची पेटी त्याच्यासमोर ठेवली. अर्हम केवढ्यांदा ओरडला, मम्मी, तो समोरच्या टीमचा आहे. मला काय ठाऊक? मला नुसतं विव्हळणं ऐकू आलं होतं. त्यानं औषध घेतलं, बंदूक माझ्यावर रोखली आणि न मारता निघून गेला. त्याचं नाव होतं 'केळफूल'. त्यानंतर तो बऱ्याचदा समोर आला, पण मला त्यानं कधी मारलं नाही.

मग पर्युषण आलं. संवत्सरीला आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो, ते तू शाळेपासून दरवर्षी माझ्याकडून ऐकत आली आहेस. यंदा वाटलं, रोज जिथे तासभर असते तिथल्या लोकांची का मागू नये? तिथे चॅट असतं, त्यात लिहिलेलं सगळ्यांना दिसतं. त्यात लिहिलं, मिच्छामि दुक्कडम. काही जण हसले, काही निघून गेले. केळफूल मात्र लॉबीत थांबला. मग त्यानं लिहिलं, "मावशी, मी हितेंद्र. हे मायले कसं म्हनू?"

मयुरी, मी फोन तसाच हातात धरून रडले गं. केळीचे घड उतरवणं चालू असताना तो गेम खेळत बसला म्हणून तू त्याचा मोबाइल शेततळ्यात फेकलास, आणि तो मजुरांदेखत तुला म्हणाला, तुला यातलं काही कळत नाही आणि कळणारही नाही. तो घर सोडून गेला त्यापेक्षा ते 'कळणारही नाही' तुला जास्त लागलं, हे मला माहीत आहे. आता त्यालाही कळलंय. पुण्यात तो गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, आणि त्याचं काम काय ठाऊक आहे? ज्याला काहीच येत नाही, त्याला पहिली पावलं शिकवणारा भाग तो बनवतो. मला म्हणाला, दिवसभर अनोळखी लोकांना समजावतो मावशी, आईला एकदाही समजावलं नाही.

म्हणून हे पत्र. वरचे सगळे शब्द तुला आता येतात, ते 'कळणारही नाही' खोटं पाडायला तेवढे पुरेत. तुझे अहो, म्हणजे आपले गिरधरभाऊ, तुझ्या मोबाइलवर गेम टाकून ठेवणार आहेत. ते आम्हाला सामील आहेत, त्यांच्यावर डाफरू नकोस. रविवारी सातला लॉबीत ये. मी असेन, अर्हम असेल, केळफूल असेल, आणि चौथी जागा कोणाला दिलेली नाही. कुकर आधी उतरवून ठेव. मी हितेंद्रला बजावलं, तुझी आई पहिला तासभर नुसती भिंतीला धडकणार आहे. तर म्हणाला, "धडकू द्या मावशी. मी तिच्यापाशी उभा राहीन."

तुझीच, भिंतीला पुष्कळ धडकलेली
रूपा