खोडाला बांधलेले सूत

अण्णा,

आज सकाळी पूजा आटोपून उठले आणि जे दिसले ते आधी तुम्हालाच सांगावेसे वाटले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटली, तरी मत्सराविषयी बोलायला मला तुमच्यावाचून दुसरे कोणी सुचत नाही. सहा शत्रूंत त्याचे नाव शेवटी येते, कारण बाकीचे पाच थकून निघून गेल्यावरही तो ओसरीवर बसून राहतो, असे तुम्ही आम्हा लेकरांना पुराण सांगताना म्हणायचात. मी सत्तरी ओलांडली, अण्णा. तो बसूनच आहे.

इथे परदेशात, श्रूजबरीला, मुलाच्या दिवाणखान्यात काचेची सहा फुटी टाकी आली आहे. तिच्यात जलचर नंतर, आधी पाणवनस्पतींचे वन. सारी आखणी माझ्या नातीची आणि व्याह्यांची, म्हणजे सुनेच्या वडिलांची. ते नागपूरचे निवृत्त इंजिनिअर. मुक्कामाला आले आणि पहिल्याच आठवड्यात टॉर्च घेऊन तळघरात उतरले. इथल्या लाकडी जमिनीला एवढ्या पाण्याचा भार पेलेल का, हे पाहायला. नात मागोमाग. तोवर ती संध्याकाळी माझ्यापाशी बसून स्तोत्र म्हणत असे. त्यानंतर दोघे कागद पसरून बसू लागले. माती मागे उंच, पुढे उतरती. वाळके खोड कुठे, दगड कुठे. पाणी गाळणारे यंत्र खालच्या कपाटात. वनस्पतींच्या पोषणासाठी सिलिंडरमधून एकेक बुडबुडा करून सोडलेला वायू. मी सोफ्यावर माळ घेऊन बसायचे, आणि मणी काही पुढे सरकत नसे.

एका रुंद पानांच्या झुडपाचे मूळ मातीत पुरायचे नसते, खोडाला बांधायचे असते. "आज्जी, तुझा कॉटन थ्रेड दे ना," नात म्हणाली. देवाच्या वस्त्रमाळेसाठी वळलेले सूत मी काढून दिले. व्याह्यांनी गाठ मारली. "आजोबा, परफेक्ट!" सूत कोणाचे, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

पुढे कित्येक आठवडे नुसते पाणीच सांभाळले, आणि ते जीव धरण्याजोगे झाल्यावर नखाएवढ्या कोळंब्या सोडल्या. एके दिवशी पाणी जरा उतरलेले दिसले. रात्रभर देवघरात तांब्याच्या कलशात ठेवलेले पाणी मी घेऊन गेले. आपल्याकडे याहून शुद्ध पाणी कोणते? "आज्जी, स्टॉप! कॉपर इज पॉयझन फॉर देम!" नातीने माझा हातच धरला. व्याही हसत म्हणाले, "विहीणबाई, तीर्थ आम्हाला द्या. कोळंबीला एवढ्यात मोक्ष नको." सगळे हसले. मीही हसले. विनोद चांगला होता, हेच अधिक लागले.

त्या क्षणी मी पुन्हा आपल्या परसात उभी होते. पूजेच्या कमळांची दगडी डोणी तुम्ही माझ्या धाकट्या भावाच्या हाती सोपवलीत, आणि मला पोथी दिलीत. मी पाण्यात हात घातला की म्हणायचात, "गढूळ करू नकोस, ते त्याचं काम आहे." पोथीचे दान मोठे होते, हे मी जाणते, जन्मभर पुरले. पण मला चिखलही हवा होता. मी आत श्लोक म्हणते आहे, आणि बाहेरून तुमचा आवाज येतो, "अरे, ये, बघ, पहिलं कमळ उमललं!" ती हाक दर वर्षी त्याला असते. मी पुढचा श्लोक म्हणते.

गेल्या रविवारी व्याही परत गेले. निघताना म्हणाले, "टाकी आता तुमच्या भरवशावर." आणि आज, माझ्या सुताने बांधलेल्या त्या झुडपावर, पाण्याखालीच, एक फूल उमलले आहे. पांढरे, एकाच पाकळीचे, दिव्याच्या ज्योतीसारखे उभे. नात शाळेत. इतक्यात व्याह्यांचा व्हिडिओ कॉल आला. "काय विहीणबाई, टाकीत काही नवीन?"

मी फोन देवघराकडे वळवला आणि म्हणाले, "नाही हो. सगळं जसंच्या तसं."

दुपारी नात घरी येईल. दारातूनच तिला हाक मारायची, असे मी ठरवले आहे. मग ती फोटो काढून आजोबांना पाठवील, पाठवू दे. तोवर मात्र ते फूल माझे एकटीचे आहे, अण्णा, आणि सकाळपासून मी त्याच्यासमोरून हललेले नाही. जप आज राहिला.